शरीराबद्दल बोलायचं कुणाशी आणि कसं: तरुण मुलींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजच्या कार्यशाळेत प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकायला डबा ठेवला, की त्यात निघणारे प्रश्न गावोगावी जवळजवळ सारखेच असतात. अठरा-वीस ते पंचवीसच्या मुली, काही अविवाहित, काही नुकतं लग्न झालेल्या. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. आजाराची माहिती बऱ्याच ठिकाणी मिळते, पण ती समोरच्याला सांगायची कशी, इथेच गाडी अडते. म्हणून भर त्यावर आहे.

मुली लाजतात म्हणून बोलत नाहीत. यात बाई-पुरुष भूमिकांचा काय संबंध?

लाज असते, पण ती सगळीकडे सारखी नसते. हॉस्टेलच्या खोलीत पाळीच्या कळांपासून मैत्रिणीच्या ब्रेकअपपर्यंत सगळं बिनधास्त बोलणारी मुलगी डॉक्टरांसमोर बसली, की 'पोटात दुखतं' एवढंच सांगते. शब्द तिच्याकडे असतात. ते तोंडातून निघाले तर आपल्याला हे ठाऊक आहे हे कळेल, याची तिला धास्ती असते. 'चांगल्या घरच्या' मुलीला लग्नापर्यंत यातलं काही माहीत नसावं अशी अपेक्षा आहे. त्यामुळे साधी शंका विचारली तरी 'तुला हे कुठून कळलं?' असा उलट सवाल येतो.

मुलांची अडचण उलट बाजूने. पुरुषाला सगळं येतच असतं असं गृहीत धरल्यामुळे विचारणं त्याला कमीपणाचं वाटतं आणि तो मोबाइलवर जे दिसेल त्यावर भागवतो. तिने विचारायचं नाही, त्याला विचारवत नाही, आणि लग्नाच्या रात्री दोघांनी मिळून सगळं नीट पार पाडावं अशी घरच्यांची अपेक्षा.

जबाबदारी वाटायची वेळ आली की मात्र बाईचं नाव पहिलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ३५ टक्के पुरुषांनी 'गर्भनिरोधन ही बायकांची बाब आहे, पुरुषाने काळजी करायचं कारण नाही' या विधानाला होकार दिला. त्याच पाहणीत विवाहित जोडप्यांमध्ये बाईची नसबंदी झालेल्यांचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषाची झालेल्यांचं ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया लहान, सोपी आणि बिनटाक्याचीही होते, तरी हे आकडे असे आहेत.

आमच्या आजीच्या काळात कुणी काही बोलत नव्हतं, तरी सगळं व्यवस्थित चाललंच होतं ना?

चाललं नव्हतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमधल्या ६५० बायकांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के बायकांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले. त्याआधी कधीतरी स्त्रीरोग तपासणी झालेल्या बायका जेमतेम आठ टक्के होत्या. हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. या बायका म्हणजे आज वीस-बावीस वर्षांच्या असलेल्या मुलींच्या आज्या.

आणि कुणी बोलत नव्हतं हेही पूर्ण खरं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. त्यात ते वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले. म्हणजे तुम्ही आत्ता वाचताय तशा प्रश्नोत्तरांवरून मराठीत एकेकाळी कोर्टकचेरी झालेली आहे.

न बोलण्याची किंमत काय असते ते पाहायला इतकं मागे जायचीही गरज नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची २०१९ मध्ये सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक बायकांमध्ये १३ हजारांपेक्षा जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. फडावर पाणी नाही, संडास नाही, पाळीत सुट्टी घेतली तर खाडा पडतो आणि मुकादम पैसे कापतो. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, हे कुणाला सांगायचं तर थेट खासगी दवाखान्यात, तेही सहन होईनासं झाल्यावर. तिथे 'पिशवी खराब आहे, काढून टाका, कॅन्सर होईल' असं ऐकवलं गेलं. मूल झालं की पिशवीचं काम संपलं असं सगळ्यांनीच मानलेलं असल्यामुळे दुसरा इलाज आहे का, हे विचारावं असं घरातही कुणाला वाटलं नाही.

आईला कसं सांगू?

आधी आईची बाजू बघा. मुलीचं काही 'वेडंवाकडं' झालं, की घरात पहिलं बोट आईकडे जातं. 'तुझे संस्कार', 'तुझं लक्ष कुठे होतं' हे तिने ऐकलेलं असतं किंवा ऐकावं लागेल म्हणून ती धसकलेली असते. तुमच्या प्रश्नावर ती चिडते, त्यात या धसक्याचा वाटा बराच असतो.

समोरासमोर बसून 'आई, मला महत्त्वाचं बोलायचंय' असं म्हटलं की तिचं ऊर आधीच धडधडायला लागतं. त्यापेक्षा भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना बोला; डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, हात कामात असतात. आणि तिच्याकडून उत्तर मागू नका. अनेक आयांना उत्तर माहीत नसतं आणि ते कबूल करण्यापेक्षा ओरडणं सोपं जातं. काम सांगा: 'आई, मला खाली सारखी खाज येतेय, दहा दिवस झाले. डॉक्टरांकडे जायचंय, तू येशील का?' यात तिला करण्यासारखं काहीतरी असतं.

आईशी जमतच नसेल तर मावशी, आत्या, चुलत बहीण. वहिनीला सांगताना जरा विचार करा. ती कितीही चांगली असली तरी 'माझ्यापासून काय लपवतेस?' असं तिला भावाने विचारलं तर तिची पंचाईत होते.

डॉक्टर पहिल्यांदा 'लग्न झालंय का?' असंच का विचारतात? त्यावर काय सांगायचं?

त्यांना खरं तर तुमचे शरीरसंबंध आले आहेत का आणि गर्भधारणेची शक्यता आहे का, हे जाणून घ्यायचं असतं. तसं थेट विचारायला त्यांनाही अवघड वाटतं, म्हणून लग्नाआडून विचारतात. अविवाहित मुलगी 'नाही' म्हणते, डॉक्टर केसपेपरवर तसं लिहितात आणि मग गर्भाची चाचणी राहून जाते, दुखण्याचं खरं कारण हातातून निसटतं. गर्भ गर्भाशयाबाहेर नळीत वाढत असेल तर ही चूक जिवावर बेतू शकते.

तेव्हा विचारलेल्या प्रश्नाचं नाही, विचारायच्या प्रश्नाचं उत्तर द्या. 'मॅडम, लग्न झालेलं नाही, पण संबंध आलेले आहेत. शेवटची पाळी पाच तारखेला आली होती.' एका दमात, तारखेसकट. तारीख सांगितली की बोलणं लगेच तपासणीकडे वळतं आणि उपदेशाला जागा कमी उरते. संबंध आलेले नसतील तर तेही तसंच स्पष्ट सांगा, कारण योनिमार्गातून सोनोग्राफी करायची की पोटावरून, हे त्यावर ठरतं.

आई किंवा सासू आत बसली असेल तर 'मला डॉक्टरांशी दोन मिनिटं एकटीला बोलायचंय' असं म्हणता येतं. तोंडून निघत नसेल तर चिठ्ठीवर किंवा मोबाइलवर लिहून डॉक्टरांपुढे सरकवा. चांगले डॉक्टर तपासणीच्या निमित्ताने बाकीच्यांना बाहेर पाठवतात. तपासणी पुरुष डॉक्टर करणार असतील तर सोबत सिस्टर असावी असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. तुम्ही सांगितलेलं गुप्त ठेवणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे, उपकार नव्हेत.

तपासलं की 'काही झालंय' हे डॉक्टरांना कळतं का?

नाही. कौमार्य ओळखायची कोणतीही वैद्यकीय तपासणी नाही. योनिपटलाचा, म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेल्या पातळ पडद्याचा, आकार प्रत्येकीचा वेगळा असतो आणि त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. पहिल्या वेळी रक्त यायलाच हवं, हाही समज चुकीचा. सेवाग्रामच्या एका न्यायवैद्यक प्राध्यापकांनी पाठपुरावा केल्यानंतर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये 'कौमार्याची लक्षणं' हा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढला. त्याआधी शिकलेल्या डॉक्टरांच्या डोक्यात तो अजून असू शकतो, एवढं लक्षात ठेवा. आपल्याकडे कंजारभाट समाजातल्या तरुण-तरुणींनी लग्नानंतरच्या कौमार्य चाचणीविरुद्ध २०१८ मध्ये पुण्यात मोहीम उभी केली, जातपंचायतीच्या नाकावर टिच्चून. त्यांना घरच्यांचा रोष आणि बहिष्कार सोसावा लागला.

डॉक्टरांशी बोलताना कोणते शब्द वापरू? 'योनी' म्हणायला कसंतरीच होतं.

'लघवीची जागा', 'पाळीची जागा', 'संडासची जागा' या तीन वेगळ्या सांगितल्या तरी डॉक्टरांचं काम भागतं. नुसतं 'खाली' म्हणू नका, त्यात तिन्ही येतात. ग्रामीण भागातल्या नर्सबाई योनीला 'मायांग' म्हणतात. 'संबंध' हा शब्द सगळ्यांना कळतो.

कंडोम वापर म्हटलं की तो म्हणतो, 'माझ्यावर विश्वास नाही का?'

हा डबा उघडला की हमखास निघणारा प्रश्न. कंडोमचा विषय काढायचा मुलाने, विकत घ्यायचा मुलाने, आणि मुलीच्या पर्समध्ये सापडला तर ती 'तसली'. म्हणून मुली तो आणत नाहीत, मागतही नाहीत आणि त्याने आणला नसेल तर गप्प बसतात. विश्वासाचा मुद्दा काढला की मुलीला आपलं प्रेम सिद्ध करायची वेळ येते आणि मूळ विषय बाजूलाच राहतो.

त्या वादात उतरूच नका. 'विश्वास आहे, म्हणूनच तुझ्याशी बोलतेय. मला दिवस गेले तर शिक्षण माझं थांबेल, तुझं नाही.' एवढं वाक्य पुरे. हे बोलणं आधी, चहाच्या टपरीवर किंवा फोनवर व्हावं. ऐन वेळी काढलेला विषय कुणीच ऐकत नाही. 'मजा येत नाही' हे कारण असेल तर दुसरा आकार, पातळ प्रकार बघता येतो. 'मी काळजी घेतो, बाहेर काढतो' यावर विसंबू नका, त्यात बरेचदा दिवस जातात. तारखांच्या हिशेबाचंही तेच, विशेषतः पाळी अनियमित असेल तर. गर्भ आणि लैंगिक आजार दोन्हींपासून वाचवणारं साधन कंडोमच आहे; गोळी आजार रोखत नाही.

इतकं सांगूनही तो नाहीच म्हणाला तर संबंध नाहीत. आणि तो धमकावत असेल, फोटो दाखवीन म्हणत असेल, हात धरून जबरदस्ती करत असेल, तर कसं बोलावं याचा सल्ला इथे कामाचा नाही. १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (तातडीची मदत) ला फोन करा.

नवीन लग्न झालंय. सासूबाई म्हणतात, पहिलं होऊ दे, मग काय ते बघा. गोळ्या घेतल्या तर नंतर मूल होत नाही असंही म्हणतात.

गोळ्यांनी वांझपण येत नाही. गोळ्या थांबवल्या किंवा तांबी काढली की गर्भ राहण्याची क्षमता लवकर परत येते. अपवाद 'अंतरा' या तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा. ते थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागू शकतात, म्हणून वर्षभरात मूल हवं असेल तर ते निवडू नये. सरकारी दवाखान्यात माला-एन ही रोजची गोळी, 'छाया' ही आठवड्याची गोळी, निरोध, तांबी आणि अंतरा मोफत मिळतं. 'छाया'त हार्मोन नाही; पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची. रोजचं पाकीट घरात लपवायचं कुठे, ही अडचण असलेल्यांना ती सोयीची पडते. अर्थात कोणतं साधन तुम्हाला चालेल हे तपासून डॉक्टर किंवा सिस्टरच सांगतील.

सासूबाईंशी हे बोलायचं कुणी? नवऱ्याने. तेच वाक्य सून बोलली तर उद्धटपणा होतो आणि मुलगा बोलला तर विचार होतो. हे अन्यायाचं आहे, पण सध्या त्याचा उपयोग करून घ्या. 'आई, मीच म्हणालो दोन वर्षं थांबू' हे त्याच्या तोंडून आलं की वांझ म्हणवून घ्यायची वेळ तुमच्यावर येत नाही. आणि त्यासाठी आधी त्याच्याशी बोलावं लागतं. एकत्र कुटुंबात नवरा-बायकोला बोलायला जागाच नसते, मग दवाखान्यात जाता-येता बसमध्ये बोला.

संबंधानंतर घ्यायची गोळी मेडिकलमधून मागताना दुकानदार विचित्र बघतो. चिठ्ठी लागते का?

नाही. लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. ७२ तासांच्या आत घ्यायची. जितकी लवकर तितकी बरी. दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. तिने गर्भपात होत नाही, दिवस आधीच गेले असतील तर तिचा उपयोग नाही. पुढची पाळी मागेपुढे होऊ शकते; तीन आठवड्यांत आली नाही तर लघवीची चाचणी करा. दर वेळी हीच गोळी घेत राहणं मात्र बरोबर नाही, ती नेहमीच्या साधनांइतकी भरवशाची नसते. दुकानदाराचं म्हणाल, तर गल्ली सोडून दुसऱ्या दुकानात जा. आशाताईंकडेही ती असते.

लग्न झालेलं नाही आणि पाळी चुकली. गर्भपात कायदेशीर आहे का? सही कुणाची लागते?

कायदेशीर आहे. १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' या शब्दांच्या जागी 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. म्हणजे साधन फसून गर्भ राहिला, हे कारण अविवाहित मुलीलाही सांगता येतं. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ आठवडे काही विशिष्ट परिस्थितीत, दोन डॉक्टरांच्या मताने. त्यात अविवाहित स्त्रियांनाही धरलं पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला सांगितलं. वय १८ पूर्ण असेल तर सही फक्त तुमची. नवऱ्याची, मित्राची, वडिलांची लागत नाही. दवाखाना मागत असेल तर तो त्यांचा स्वतःचा नियम आहे, कायद्याचा नाही. नाव उघड करायलाही कायद्याने मनाई आहे.

अठराच्या आत मात्र पालकांची लेखी संमती लागते आणि पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यामुळे पोलिसांना कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, संबंध दोघांच्या मर्जीने आले असले तरी. मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर कळवताना तिचं नाव गुप्त ठेवता येईल, असं त्याच निकालात म्हटलं आहे.

अनेक मुलींना वाटतं गर्भपात हाच गुन्हा आहे. त्याला एक कारण गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या भिंतीवरच्या पाट्या. गुन्हा आहे तो गर्भलिंगनिदान करण्याचा. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि प्रचारही इतका जोरात झाला की दोन्ही गोष्टी लोकांच्या मनात एक झाल्या. या घोळात मुली गुपचूप मेडिकलमधून गोळ्यांचा संच आणवून घरी घेतात. गोळ्यांनी गर्भपात साधारण पहिल्या नऊ आठवड्यांपर्यंत होतो, पण किती आठवडे झाले आणि गर्भ गर्भाशयातच आहे ना, हे आधी डॉक्टरांकडून पाहून घ्यायला हवं.

पांढरं जाणं नेहमीच आजार असतो का? नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं?

दोन पाळ्यांच्या मध्यावर पारदर्शक, चिकट स्राव येणं नैसर्गिक आहे. वास, खाज, दह्यासारखा किंवा हिरवट-पिवळा स्राव असेल तर दाखवा. काही संसर्गांत जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर बरं झालेलं दुखणं परत येतं. नवरे 'मला काही होत नाही' म्हणून टाळतात. पुरुषात लक्षणं नसली तरी संसर्ग असू शकतो, हे डॉक्टरांकडूनच त्याला ऐकवा. सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये याचे उपचार मोफत होतात.

शाळेत हे का शिकवत नाहीत?

शिकवायचा प्रयत्न झाला होता. किशोरवयीन शिक्षणाच्या केंद्रीय कार्यक्रमावर २००७ मध्ये ज्या राज्यांनी बंदी घातली, त्यांत महाराष्ट्र होता. त्यानंतर बऱ्याच शाळांत पॅडची माहिती देणारा एक तास उरला, तोही मुलांना मैदानावर पाठवून. मुलींचं काहीतरी गुपित आहे एवढंच मुलं त्यातून शिकतात. मुला-मुलींना घेऊन झालेली कामंही आहेत: मुंबईच्या पालिका शाळांत सहावी-सातवीच्या वर्गांत झालेला 'जेम्स' हा समतेचा कार्यक्रम, गडचिरोलीतल्या बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेचं 'तारुण्यभान' शिबिर. पण ती संस्थांच्या बळावर चालली.

आशाताई आमच्याच गल्लीतल्या आहेत. त्यांना सांगितलं तर गावभर होईल.

भीती रास्त आहे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात १० ते १९ वयोगटासाठी 'मैत्री' क्लिनिक असतं, तिथे समुपदेशक भेटतात. फोनवर विचारायचं तर आरोग्य सल्ल्यासाठी १०४, एचआयव्ही आणि लैंगिक आजारांसाठी १०९७.

मी आई आहे. मुलगी अकरा वर्षांची. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस द्यायचीय, पण घरचे म्हणतात, 'आत्तापासून कशाला? तिला काय सांगणार?'

आत्ताच द्यायची, कारण विषाणूशी संपर्क येण्याआधी ती सर्वांत चांगलं काम करते. हा एचपीव्ही विषाणू शरीरसंबंधातून पसरतो म्हणून 'आमच्या मुलीला गरज नाही' असं लोक म्हणतात. पण लग्नानंतर नवऱ्याकडूनही तो येऊ शकतो. नऊ ते चौदा वयात साधारण दोन डोस, पंधरानंतर तीन. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही देशी लस २०२३ पासून बाजारात आहे. मुलीला सांगा, 'ही कॅन्सर होऊ नये म्हणून आहे, दंड दोन दिवस दुखेल.' तिने 'कॅन्सर कुठे होतो?' विचारलं तर 'गर्भपिशवीच्या तोंडाला' म्हणा. कसा होतो, हे तिने विचारलं तर तेही सांगा. आणि लसीची तारीख मुलीच्या बाबांनाच ठरवायला लावा.